कापलेला आवाज

३ जून

आले एकदाची! दोन बॅगा, एक हेडफोन आणि आईने जबरदस्तीने कोंबलेली उशी. स्टुडिओ म्हणजे दुमजली घराचा खालचा मजला. वर अण्णा आणि काकू राहतात, मागची खोली माझी. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं.

अण्णांचं नाव मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलेय. चाळीस वर्षं माणसांचे आवाज रेकॉर्ड करणारा माणूस! प्रत्यक्षात बुटके, स्वेटरची कोपरं विरलेली, ऐकताना डोकं एका बाजूला कललेलं. मी कामाची प्रमाणपत्रं काढायला लागले तर म्हणाले, ते राहू दे, नुसती बोल काहीतरी. मला हसूच फुटलं. तर म्हणाले, हसणं झकास आहे, पण फार वर जातं, माइकपासून वीतभर लांब राहत जा.

इथे माझं छान जमणार.

५ जून

आज पहिला धडा. अण्णा म्हणाले, जुनी टेप आवाजाला सांभाळून घ्यायची. जरा वर गेला तर पोटात घालायची. कॉम्प्युटरला ती माया नाही. मीटरच्या शून्यावर छप्पर, त्याच्या वर गेलेलं सगळं कात्रीने छाटल्यासारखं. लाटेचा गोल माथा सपाट होतो आणि गाणं फुटक्या भांड्यासारखं वाजतं. म्हणून रेकॉर्डिंग उणे अठरा डेसिबलच्या आसपास ठेवायचं. डोक्यावर मोकळी जागा हवी, माणसाला आणि आवाजाला.

हे सगळं मला येतं, तरी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. मग ते म्हणाले, चिमणीला मीटर बघावंच लागायचं नाही.

चिमणी म्हणजे माझ्या आधी या खुर्चीत बसणारी मुलगी. अण्णांची लाडकी विद्यार्थिनी, सहा वर्षं इथेच होती. हिवाळ्यात आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. काकूंनी सांगताना डोळ्यांना पदर लावला. मलाही वाईट वाटलं. अगदी खरं.

११ जून

सहा दिवसांत चिमणीचं नाव किती वेळा ऐकलं ते मोजायला हवं होतं. इथे नेहमी वाजवायला येणारा गिटारवाला म्हणतो, चिमणीने हे जेवायच्या आत संपवलं असतं. काकू म्हणतात, चिमणी कप स्वतः विसळून ठेवायची. (मीही ठेवते!)

चार दिवस घासून एक गाणं मिक्स केलं. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं, छान म्हणाले, आणि वर, चिमणीने इथे गिटार किंचित खाली घेतली असती.

घेतली खाली. गाणं सुधारलं. तेच तर जास्त झोंबलं.

१९ जून

आज अण्णांनी एक हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवली. चिमणीची स्वतःची सात गाणी. आजारी पडण्याआधी तिने गायलेली, मिक्स न झालेली. तिच्या घरच्यांनी तिचा कॉम्प्युटर पुसून देऊन टाकला, त्यामुळे एवढी एकच प्रत. माझं धाडस होत नाही, तू कर, म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं.

मग ऐकली. काय आवाज होता! उंच जातानाही ओरडत नव्हता, नुसता उघडत होता. सात गाण्यांत मीटरचा लाल दिवा, आवाज छपराला टेकल्याची खूण, एकदाही लागला नाही.

अण्णा रोज दुपारी चारला खाली येतात, माझ्या मागच्या स्टुलावर बसतात आणि तासभर ती गाणी ऐकतात. माझ्याकडे पाठमोरे.

२६ जून

लिहून ठेवते. कुणाला तरी सांगायला हवं.

काल मी माझं एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. कॉलेजात माझ्या आवाजाचं कौतुक व्हायचं. धीर करून अण्णांना ऐकवलं. अर्धं मिनिट ऐकलं असेल, मग विचारतात काय, तर चिमणीची गाणी कुठवर आली.

होतायत, म्हटलं. अण्णा वर गेले आणि मी चिमणीची डिस्क उघडली.

सॉफ्टवेअरच्या आत लाल दिवा लागला तरी आवाज वाचतो, खाली ओढला की पहिल्यासारखा होतो. पण तसाच फाइलमध्ये काढला की कापलं ते कापलं. जगात कुणाला ते परत जोडता येत नाही. मी सातही गाण्यांचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी, चोवीस डेसिबलने वर नेला. लाटांच्या जागी जाड विटा दिसायला लागल्या. फाइली काढल्या आणि जुन्यांवर, त्याच नावांनी, सेव्ह केल्या. हिरवी पट्टी सरकत होती तेव्हा रद्द करता आलं असतं. मी नखं बघत बसले.

चारला अण्णा आले. मी सांगितलं की रेकॉर्डिंग मुळातच फुटलंय, चिमणीने लेव्हल चुकवली, मी आधी बोलले नाही एवढंच. त्यांनी एक गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, मला वाटायचं नीट आहे, कान म्हातारे झाले माझे.

जिना चढताना कठडा धरून गेले.

३० जून

अण्णा खाली येत नाहीत. खुर्ची आता खऱ्या अर्थाने माझी.

फक्त एक बारीकशी कटकट. गिटारवाल्याचं गाणं मिक्स करताना मुख्य मीटर सारखा लाल होतो. एकेक ट्रॅक बंद करून पाहिला, सगळे अगदी सभ्य. शेवटी सगळ्यांत खाली एक ट्रॅक सापडला. नाव नाही, आत काही नाही. तरी त्याचा मीटर उणे अठरावर उभा. हलत नाही, थरथरत नाही. खोडून टाकला.

संध्याकाळी नवीन प्रोजेक्ट उघडला. तोही होताच.

४ जुलै

आईचा फोन. पाच मिनिटं बोलले, मग ती म्हणाली, तोंडावर रुमाल का धरलायस? मी काहीच धरलं नव्हतं. ती म्हणाली, तुझं वरचं काही येतच नाही, नुसतं सपाट येतंय, रडतेयस का?

मी हसून दाखवलं. ती म्हणाली, हे काय होतं?

६ जुलै

काकूंना जिन्याखालून चार हाका मारल्या. त्या वरच्या पायरीवरच उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, अगं, मोठ्याने तरी बोलावं.

मी किंचाळत होते.

७ जुलै

स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाहिला. गेन अगदी कमी, माइकपासून वीतभर लांब. लाट मोठी करून बघितली. छप्पर अजून कितीतरी दूर, तरी माझ्या प्रत्येक शब्दाचा माथा छाटलेला. सरळ रेषेत. पुन्हा केलं. रेषा थोडी खाली आलीय.

माइक बदलला. केबल बदलली. वायरीचा दोष नाही हा.

८ जुलै

मी बोलत असताना तो खालचा ट्रॅक भरत होता.

सकाळी हेडफोन लावून फक्त तोच ऐकला. आधी कण, काचेच्या चुऱ्यासारखे. मग ते एकमेकांना चिकटले. शब्द माझे होते, कालचेच, एक दोन तीन, आवाज तपासतेय. आवाज चिमणीचा. माझं जे जे वरचं कापलं जातंय ते तिथे जमा होतंय, आणि त्यातून ती तयार होतेय.

मागे वळले तर दारात अण्णा. स्पीकर चालूच राहिले होते. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. चिमणे, म्हणाले. स्पीकरला नाही. मला.

९ जुलै

भीती वाटायला हवी होती. मला तिचा हेवाच वाटला! मेली तरी सगळं तिच्याच वाट्याला.

ट्रॅक पंचवीस वेळा खोडला. शेवटी प्लग उपटला. मीटर पडद्याबरोबर विझला, पण मी खोकले तर खोकल्याच्या मागे तिचा —

बॅग भरलीय. उद्या सकाळी निघते.

१० जुलै

गेले नाही. काकूंचा निरोप घ्यायला तोंड उघडलं आणि बाहेर तिचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. काकू पदर तोंडात धरून भिंतीला टेकल्या. अण्णा धावत खाली आले.

मला सांगायचं होतं की मी चाललेय. तिने सांगितलं की गाणी फुटकी नव्हती. डिस्कवरच्या फाइली कुठल्या दिवशी बिघडवल्या, गेन किती लावला, मी नखं बघत कशी बसले. सगळं. माझ्या जिभेने, माझे ओठ हलवत.

अण्णा ओरडले नाहीत. फक्त तिला विचारलं, तू आता थांबशील ना?

११ जुलै

रेकॉर्डिंगच्या खोलीत आहे. दार बाहेरून लावलंय. उजेड आहे, अकरा वाजले असतील. काचेपलीकडे अण्णा, माझ्या खुर्चीत. समोर माइक.

वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं, मी आहे, ती नाही. काचेला लावलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. हेडफोनमध्ये म्हणाले, माहीत आहे गं. अगदी मायेने म्हणाले. मग म्हणाले, सातही गाणी पुन्हा घेऊ, घाई नाही.

काकू नाहीत. खालचं दार वाजल्याचं ऐकलं. त्या कुणाला तरी आणायला —

नाही. त्या काचेपलीकडे येऊन बसल्या. हात मांडीवर.

तिसरं गाणं. मी तोंड मिटून घेते. गाणं थांबत नाही.

अण्णा डोळे मिटून ऐकतायत. हात गेनवर. थोडं अजून, म्हणतात. माझी रेषा खाली — मधे मधे माझा श्वाससुद्धा —

पाचवं. ओरडून बघितलं. काकू रडतायत, पण गाण्याने. गेन अजून वर. माझं आता फार थोडं उरलंय, अक्षरसुद्धा —

आई, मी