चाम देवीचं प्लॅस्टरचं नाक

बाबा, माझं हे काम तुम्हाला कधी पटलं नाही. "डॉक्टरची पोर आणि दगड पुसत बसते!" म्हणायचात. तर ऐका, सध्या म्युझियममध्ये माझ्या टेबलावर एक चाम देवी आहे. चाम म्हणजे व्हिएतनामकडचे जुने लोक, आपल्यासारखेच शंकर-पार्वती पुजणारे. देवीचं नाक प्लॅस्टरचं निघालं, कुण्या विकणाऱ्यानं सुबक चिकटवलेलं. मी ते उतरवलं आणि खाली छिन्नीचे घाव दिसले, घावावर घाव. पडून असं फुटत नाही. कुणीतरी समोर उभं राहून, तिच्या तोंडाकडे बघत ते घातलेत. मला तुम्ही आठवलात.

इथल्या, अमेरिकेतल्या आपल्या श्रूजबरीच्या घरातला तो रविवार. काका-काकू मंडळी जेवायला यायची आहेत, आई कणीक मळतेय. आमटी खारट झाली म्हणून तुम्ही देव्हाऱ्यातला संगमरवरी गणपती उचलता आणि तिच्या तोंडावर फेकून मारता. त्याची सोंड तुटली, तिची भुवई फाटली. आणि तुम्ही आधी गणपतीला उचललंत! खंडित मूर्ती घरात नको म्हणून दहीपोहे घेऊन तळ्यावर गेलात, अनवाणी, हात जोडून त्याला पाण्यात सोडलंत. तोवर आई फडकं दाबून उभी होती, रक्त कोपरावरून कणकेत ठिबकत होतं. परत येऊन टाकेही तुम्हीच घातलेत, भूल न देता, कारण हॉस्पिटलात बोभाटा नको. संध्याकाळी आईनं सगळ्यांना सांगितलं, "काउंटरवर आपटले." काकूंनी तुमच्या टाक्यांचं कौतुक केलं.

तुम्ही गेलात, चितेवर जळून राख झालात, तरी ती तेच सांगत राहिली. याचाच मला संताप होता. एकदा, फक्त एकदा तिनं खरं बोलावं म्हणून मी तडफडत होते.

आज तिला म्युझियममध्ये नेलं. देवीला बघून म्हणाली, "अगंबाई, खंडित मूर्ती पाण्यात सोडायची सोडून ही लोकं दिवे लावून बसलीत!" मग जवळ गेली. "पडली का गं ही?" माझ्या अमेरिकन साहेबिणीनं विचारलं, आई काय म्हणतेय? मी सांगितलं. "नो," ती आईला म्हणाली, "समबडी हिट हर." आई बघत राहिली. मग आपल्या भुवईवर बोट ठेवून, सगळ्या स्टाफसमोर, स्वच्छ म्हणाली, "माय हजबंड ऑल्सो हिट मी."

आणि मी काय करावं? "आई, गप्प बस!" ओरडले. शब्द तुमचे, आवाजही तुमचा. आईनं झटकन दोन्ही हात तोंडासमोर धरले.

मी सॉरी म्हटलं. "असू दे गं," म्हणाली. हे वाचायला तुम्ही नाही, म्हणूनच लिहिता येतंय. बाबा, तिनं हात उगाच वर धरले नव्हते. माझा हात उचललेला होता.