सायलीने आवळलेला पट्टा

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

सायलीने आज माझ्यानंतर टीममधल्या रफिकचाचांचाही सेफ्टीचा पट्टा आवळला, "जीव सांभाळा हं" म्हणाली, आणि तिथेच माझं सगळं संपलं. सोलर बसवायला छपरावर चढण्याआधी रोज मलाही हेच म्हणते. मी त्याला प्रेम समजलो! तिच्यासाठीच तर कॉलेज सोडून तिच्या टीममध्ये शिरलो होतो. मूर्ख!

सगळ्यांसमोर ओरडलो, "तुझ्यासाठी आलो, नाहीतर बाईच्या हाताखाली कोण राबतं?"

"मग उतर खाली. वर मला फिटर लागतात, आशिक नाही."

चाचासुद्धा हसले.

आत्ता तिचा फोन. वाटलं, वाईट वाटलं असेल. तर म्हणे, "पट्टा आणून दे. उद्या नव्या पोराला बांधायचाय."

अजून कमरेलाच आहे. बक्कल सुटत नाही, तिनेच आवळलंय.

तसाच तिच्याकडे निघतो. दार ओढून घेतो.