दहावी सही

शुक्रवार, दि. १७
दुपारचे अडीच

ती. ताईस,

नमस्कार. एका छपराखाली राहून पत्र लिहितोय, म्हणून हसशील. तू आतल्या खोलीत झोपली आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय, मधे फक्त पडदा. उठवून सांगितलं असतं, पण आपलं घराणं तुला ठाऊक आहे. तू चिडणार, मग मी चिडणार, आणि शेवटी भांडण कशावरून सुरू झालं हे दोघंही विसरणार. कागद उलट बोलत नाही.

आपली निवडणूक कुठे बुडाली ते मला मिनिटासकट माहीत आहे. गेल्या आठवड्यात मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, पेंटरकाकांच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.

तिकडे येतो. आधी घरची खबर. शिंपीमामा येऊन गेले, आज पाचच्या सभेसाठी स्टेजमागचं कापड शिवून झालंय. म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांग, हे फुकट. आमदार झाली असती तर दुप्पट लावले असते." दूध तापवून झाकून ठेवलंय. लाउडस्पीकरवाला साडेचारला येईल. आणि तुझ्या भाषणाचे कागद इथेच टेबलावर होते. मी वाचले. वाचायला नको होते. दुसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस, 'नऊ माणसं उभी राहिली, दहावा विकला गेला. त्याचं नाव आज मी तुमच्यासमोर घेणार आहे.'

ताई, ते नाव घेऊ नकोस.

कारण सांगायचं म्हणजे त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारपासून सांगायला हवं. पेंटरकाकांच्या मुलीवर मी जीव टाकतो हे तुला माहीत आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. ती औषधांच्या दुकानात काउंटरला असते आणि मी महिन्यात चार वेळा डोकेदुखीची गोळी घेतो, तेव्हा कोणालाही कळेल. त्या रविवारी मी दुकानाबाहेर तिला विचारलं. तिने शटर अर्धं ओढलं आणि म्हणाली, "कॉलेज अर्धं टाकलंस. बाबांकडे काम शिकत होतास, तेही चार महिन्यांत टाकलंस. आता मला सुरू करतोयस होय? एखादी गोष्ट पुरी करून दाखव. तोवर आमच्या जिन्याला पाय लावू नकोस."

मला राग केवढ्यात येतो ते तू जाणतेस. उगाच नाही तू मला काडेपेटी म्हणत.

सोमवारी तू मला कागद दिलास. तुझे शब्द आठवतात. "पक्षवाल्यांना एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. दहा मतदारांनी आपल्या हाताने सही करून सांगायचं की ही बाई उभी राहू दे. एक कमी पडला तर अर्ज केराच्या टोपलीत." दवाखान्यातलं बाळंतपणाचं दालन बंद केलं म्हणून तू तिथली चौदा वर्षांची नोकरी सोडून उभी राहिलीस, आणि त्यातलं एवढंच काम माझ्यावर टाकलंस. मंगळवारी अकरापर्यंत नऊ सह्या झाल्या. शिंपीमामांनी मशीनवरच केली, मास्तरांनी कागद दोनदा वाचून केली. राहिले पेंटरकाका. त्यांनी तुला फोनवर सांगितलं होतं, "दुकानात नको, पोराला घरी पाठव. मी वाट बघतो."

मी गेलो. एक, दोन, तीन पायऱ्या चढलो. वरून तिच्या बांगड्यांचा की भांड्यांचा आवाज आला आणि डोकं फिरलं. म्हटलं, जिन्याला पाय लावू नको म्हणते ना, नाही लावत. वळलो.

पोस्टाच्या बाहेरच्या बाकावर बसून मी काकांची सही केली.

त्यांची सही मला पाठ होती गं. गावातल्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ती आहे. चार महिने त्यांची शिडी धरली तेव्हा दुसरं बघायला काय होतं? शेवटच्या अक्षराखालून ओढलेली ती रेघ, सुरुवातीला जाड आणि टोकाला केसासारखी. एका झटक्यात जमली. इतकी हुबेहूब की मला स्वतःचं कौतुक वाटलं. अडीच वाजता तुला कागद दिला तेव्हा तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. म्हणालीस, "बघ, मनावर घेतलं तर सगळं पुरं करतोस."

ती थाप अजून उतरलेली नाही.

बुधवारची छाननी तू पाहिलीस, पण मी जे पाहिलं ते तू पाहिलं नाहीस. सध्याच्या आमदारांच्या वकिलाने सवयीने तीन सह्यांवर बोट ठेवलं. मास्तरांची जुळली, शिंपीमामांची जुळली. मग काकांना बोलावलं. अधिकाऱ्याने विचारलं, "ही सही तुमची?" काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. ते अक्षरं लिहिणारे, ताई. त्यांनी हात ओळखला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझीच."

"मग इथे करून दाखवा."

त्यांनी केली. मुंग्यांची रांग विस्कटावी तशी. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी धरले आणि तुझा अर्ज बाद झाला. व्हरांड्यात तू त्यांना विचारलंस, "काका, मुद्दाम वाकडी केलीत ना? किती मिळाले?" त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि निघाले. मी तुझ्या मागे उभा होतो. 

पुढचं लिहायला धीर होत नाही, पण अर्धं टाकायचं नाही असं ठरवून बसलोय.

छाननीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी पहाटे, त्यांच्या दुकानाच्या पाटीवर कोणीतरी डांबराने 'विकाऊ' लिहिलं. तू विचारत होतीस, कुणी. लिहिलं आपल्याच पोरांनी. शिडी मी धरली होती. धरली नसती तर पोरांनी विचारलं असतं, तुला का एवढा पुळका. म्हणून धरली. काका सकाळी आले, खाली उभे राहून वर बघत राहिले. चहावाल्याने विचारलं तर म्हणाले, "अंतर नीट सोडलं नाही. शेवटचं अक्षर कडेला चेंगरलंय." एवढंच. दुकान उघडलं. त्या दिवसापासून एकही पाटी त्यांच्याकडे आलेली नाही. मास्तर तर त्यांना बघून रस्ता बदलतात.

काल काकांची मुलगी आपल्या फाटकाशी आली. मला वाटलं, भांडायला आली. तिने वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. रेघांचं पान, वरपासून खालपर्यंत काकांची सही. वाकडी, तुटलेली, पुन्हा वाकडी. खाली खाली जरा बरी होत गेलेली, आणि सगळ्यांत शेवटच्या सहीपुढे बरोबरची खूण.

"दीड वर्ष हात थरथरतोय," ती म्हणाली. "कोणाला कळू देत नाहीत. मंगळवारी सकाळी सहापासून हे पान घेऊन बसले होते. ताईच्या कागदावर घाण नको म्हणत होते. इस्त्रीचा शर्ट घालून तीन वाजेपर्यंत खिडकीत होते. तू आलाच नाहीस. मग कागदावर सही कुणाची?"

मी पानाची घडी घातली. चार महिने ते मला म्हणायचे, "तू रंगव, माझा चष्मा नीट नाही," आणि मी समजायचो, मला शिकवताहेत. शिडीवर ब्रश माझ्या हातात द्यायचे आणि स्वतःचा हात खिशात घालायचे.

"मी कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "बाबांनी शपथ घातलीय. खोट्या सहीपायी पोरगं आत जाईल, त्यापेक्षा मला दोन शिव्या बसल्या तर बसू देत, म्हणाले." आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. बघावं असं काही राहिलंही नव्हतं.

ताई, तुझा अर्ज आता परत येत नाही. तुझी नोकरीही. पाच वर्षं बाया बाळंत व्हायला तीस मैल जातील, त्यातला प्रत्येक मैल माझ्या नावावर आहे. माफ कर असं लिहिणार होतो, दोनदा लिहून खोडलं. ते तू आपणहून ठरव, घाई नाही.

मी काय करणार ते सांगतो, म्हणजे तू अडवायला येणार नाहीस. आधी काकांकडे जातो, पान परत करायला. जिना चौदा पायऱ्यांचा आहे, मी आजवर कधी मोजत गेलो नव्हतो. तिथून निवडणूक कचेरीत, लेखी द्यायला. चार वाजेपर्यंत साहेब असतात. त्यांनी लगेच बसवून ठेवलं नाही तर पाचला स्टेजवर तुझ्या आधी मी बोलेन. बसवून ठेवलं तर हे पत्र तू वाचून दाखव. भाषणाच्या दुसऱ्या पानाऐवजी. शिडीचंही वाच, गाळू नकोस.

तुझ्या कूस बदलण्याचा आवाज आला. घाई करतो.

दार फुगलंय, आपटल्याशिवाय लागत नाही, आणि मी आपटतो म्हणून तू रोज ओरडतेस. आज उंबऱ्याशी जरा उचलून घेईन, मग लागतं हळू. चपला बाहेर जाऊन घालतो. तू झोप.

खालची सही माझी आहे. कोणाच्याही पाटीवरून घेतलेली नाही. दार ओढून घेतोय.

तुझा,
काडेपेटी