इतवाऱ्यातील घर, चारशे बारा प्रबंध आणि चौसष्ट हात

मी, कुमुदिनी निंबाजी महाजन, वय ७१, अविवाहित, सेवानिवृत्त, राहणार इतवारा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारे पुष्कळ होते, त्यांना न जुमानता लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शेजारचे डॉ. नंदकुमार वाणी यांनी काल तपासून तसा दाखला दिला. ते म्हणाले, “ताई, बुद्धी उत्तम आहे. जिभेबद्दल मी काही लिहीत नाही.” त्यांनी लिहू नये. तिचा बंदोबस्त निसर्ग करीलच.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलाच्या भाषेत होते आणि त्यात माझे असे काहीच नव्हते.

१. अंत्यविधी साधा करावा. तेराव्याचे जेवण घालू नये. ज्यांना जेवायचे आहे त्यांनी मी जिवंत असताना यावे, मी चांगला स्वयंपाक करते. शोकसभा घेतलीच, तर विद्यापीठाच्या येथील उपकेंद्राचे माजी संचालक डॉ. निरंजन यांना बोलायला उभे करू नये. कारण कलम ५ मध्ये येईल.

२. घर. हे घर माझ्या वडिलांनी घेतले. ते कापडगिरणीत टाइमकीपर होते. भोंगा वाजल्यावर दोन मिनिटांनी आलेल्या माणसाला, मग तो सख्खा भाऊ का असेना, ते उशीर लावत. त्यांनी मला नन्सच्या शाळेत घातले, तेव्हा आळीतले लोक म्हणाले, पोरगी बाटेल. मी बाटले नाही. फक्त नियम शिकले. घरात एक टाइमकीपर आणि शाळेत सिस्टर, यांच्यामध्ये वाढलेल्या मुलीला नियमाखेरीज दुसरे काय येणार?

घराचा वरचा मजला माझा भाचा, भाऊ गेल्यानंतर मीच शिकवलेला योगेश, राहणार इंदूर, याला द्यावा. खालचा मजला त्याला देऊ नये. तो दर दिवाळीला येतो आणि खालच्या खोल्या डोळ्यांनी मोजतो. मागच्या वेळी म्हणाला, “आत्या, ही रद्दी निकालून टाक ना अब. खाली मोबाइलची दुकान लागली तर मस्त किराया येईल.”

मी म्हटले, “त्या रद्दीत तुझ्या आजोबांच्या गिरणीवर एक अख्खा प्रबंध आहे. वाचलास?”

“टाइम कुठं आहे, आत्या?”

टाइमकीपरच्या नातवाला टाइम नाही. वरचा मजला देते आहे तो रक्ताच्या नात्याने, गुणांवर नव्हे, हे त्याला वाचून दाखवावे.

३. शिवणयंत्र, स्वयंपाकघरातले सगळे सामान आणि टपाल खात्यातील माझी मुदतठेव मालूबाईला द्यावी. ती एकोणीस वर्षे माझ्याकडे काम करते आहे आणि एकोणीस वर्षे माझे ऐकत नाही. हे लिहिताना ती दारात उभी राहून म्हणाली, “बाई, मरायच्या आधीच मरनाचं लिवता. त्यापरीस दोन घास जेवून घ्या.” ठेव तिच्याच नावावर जावी, तिच्या मुलाच्या नव्हे. मुलगा चांगला आहे, पण त्याची मोटारसायकल त्याहून चांगली आहे.

४. प्रबंध. खालच्या दोन खोल्यांत लोखंडी मांडण्यांवर चारशे बारा प्रबंध आहेत. ते चोरीचे नाहीत. विद्यापीठाच्या येथील उपकेंद्रात, प्रबंध विभागात, मी तेहतीस वर्षे नोकरी केली. जिल्ह्यातल्या कोणीही डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला की तो माझ्या टेबलावरून पुढे जाई. विषय मला कळो न कळो, माझे काम मोजण्याचे होते. कागदाच्या डाव्या बाजूला बांधणीसाठी कोरी जागा, म्हणजे समास, दीड इंच. बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. त्याहून कमी असेल तर परत.

उपकेंद्र बंद झाले तेव्हा पत्रक निघाले की येथील प्रती निकाली काढाव्यात. मी निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती, तरी गेले. तिथल्या नव्या साहेबांनी खुर्चीतून न उठता सांगितले, “मॅडम, आजकल सब ऑनलाइन है.” मी म्हटले, तीन काढून दाखवा. त्यांना एक सापडला, आणि त्याची मधली चाळीस पाने उलटी होती. मी रीतसर अर्ज दिला, पोच घेतली आणि टेम्पो बोलावला. पोच मांडणीच्या पहिल्या कप्प्यात आहे.

मी हे सगळे प्रबंध निवृत्तीनंतर वाचले. आधी फक्त मोजले होते, याची मला लाज वाटते. एका मुलाने यंत्रमागांच्या खडखडाटाने विणकरांना किती वर्षांत बहिरेपण येते ते शोधले आहे. हे शोधायला तो चार वर्षे कारखान्यांत बसला आणि शेवटी स्वतःच डाव्या कानाने कमी ऐकू लागला. एकीने कोरकू आदिवासींच्या लाकडी स्मृतिफलकांवर कोरलेल्या घोड्यांचा अभ्यास केला आहे. मावा-जिलेबी किती दिवस टिकते यावर एक प्रबंध आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या हलवायांना आवडणारे नाही. गणिताचा एक अठ्ठावन्न पानांचा आहे. त्यातले मला एक अक्षर कळले नाही, तरी तो टाकू नये. कोणाला तरी कळेल. एका नाटकवाल्याने आपला प्रबंध उपकेंद्राच्या आवारात करून दाखवला आणि शिपाई रडला. एका चित्रकाराने नऊ फूट लांब कापड आणले होते. त्याचाही मी समास मोजला. तो हसला. मी हसले नाही.

इतकी माणसे इतक्या निरनिराळ्या गोष्टींमागे लागून म्हातारी झाली, आणि माझ्याकडे त्या सगळ्यांसाठी एकच फूटपट्टी होती.

५. आता जे लिहायचे आहे, त्यासाठी हे मृत्युपत्र करते आहे.

२००३ सालच्या जूनमध्ये, डॉक्टरेटच्या नोंदणीची मुदत संपायच्या दिवशी, देडतलाईची विमल चौधरी प्रबंध घेऊन आली. वय एकोणतीस. बस बंद पडली म्हणून वाटेतून ट्रकमध्ये बसून आली होती. तिचा विषय केळीच्या बागांत राबणाऱ्या बायकांचे हात. केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही हे आपण सगळे जाणतो. तो वर्षानुवर्षे हाताला लागला तर कातडीचे काय होते, हे कोणी विचारले नव्हते. विमलने चौसष्ट बायकांना विचारले. प्रत्येकीचा हात कागदावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, भेगा काढल्या, आणि जिथे हात डागाळला होता तिथे कागदावर केळीचाच चीक लावला. एका पानावर एक हात. खाली नाव, गाव, किती वर्षे काम.

मी पट्टी लावली. बोटे पसरल्यामुळे अंगठा डाव्या समासात गेला होता. सव्वा इंच, एका ठिकाणी तर एकच.

“हात लहान करून काढा,” मी म्हटले.

“मॅडम, हात जसा हाये तसा काढला. छोटा केला तर नाप गलत होईल.”

“नियम मला शिकवू नका.”

“नियम नाही शिकवत. हात दाखवते. या बायकांचे हात कोणाच्या मार्जिनमध्ये बसत नाहीत, मॅडम, त्याला मी काय करू?”

मागे दोन कारकून हसले. तिला नव्हे, मला. मी प्रबंध मिटवला आणि शेरा मारला: समास अपुरा, परत.

आता ऐका. नियमावलीत पुढचेच वाक्य असे होते की नकाशे व आकृत्या मोठ्या कागदावर घडी घालून लावता येतील. मला ते पाठ होते. त्याच्या आदल्याच महिन्यात डॉ. निरंजन यांचा फोन आला होता, आणि त्यांच्या मेव्हण्याच्या भुयारी पाण्याच्या प्रबंधातले अकरा नकाशे मी त्याच वाक्याने घेतले होते. विमलला मी ते वाक्य सांगितले नाही. ती गावरान बोलली आणि बरोबर बोलली, हे मला सहन झाले नाही. डॉ. निरंजन यांच्यावर माझा राग आहे तो यासाठी की त्यांनी फोन केला. पण फोन उचलला मी.

तिची नोंदणी संपली. प्रबंध माझ्या टेबलावरच सोडून ती गेली, पुन्हा आली नाही. परत न नेलेले प्रबंध वर्षाने नष्ट करायचे असत. हा मी घरी आणला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. तेव्हा चिकाचे डाग फिकट तपकिरी होते. आता काळे पडले आहेत. तिचे प्रकरण पुन्हा उघडावे म्हणून विद्यापीठाला मी तीन पत्रे लिहिली. उत्तर एकच आले: प्रकरण कालबाह्य.

६. गेल्या मार्चमध्ये मी देडतलाईला गेले. विमल आता एक्कावन्न वर्षांची आहे, स्वतःची केळी लावते आणि बाजारात खताचे दुकान चालवते. मी सगळे सांगितले, ते न सांगितलेले वाक्यसुद्धा. तिने ऐकताना एका गिऱ्हाइकाचे पोते मोजून दिले.

मग म्हणाली, “मला मालूम होतं.”

“काय?”

“ते वाक्य. नंतर वाचलं मी. घरी बसून खूप रडले. मग पेरणी आली.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “मला डिग्री नको आता, मॅडम. मी त्या बायकांना बोलले होते की तुमच्या हातांचं पुस्तक येईल. म्हणून त्यांनी हात ठेवू दिला. धुरपदाबाई अजून विचारते, माझा हात कुठं गेला. मी काय सांगू?”

मी घरी आले आणि उत्तर म्हणून कलम ७ लिहिले.

७. घराचा खालचा मजला, मांडण्या आणि कपाटासह, विमल रामदास चौधरी, राहणार देडतलाई, हिला माझ्या मृत्यूनंतर द्यावा. तिचा प्रबंध मोठ्या कागदावर, हात पूर्ण आकारात ठेवून, माझ्या बचतीतून छापावा आणि चौसष्ट जणींना किंवा त्यांच्या वारसांना घरपोच द्यावा.

८. वरील कलम ७ रद्द समजावे. मात्र ते खोडू नये. ॲड. भूपेंद्र तारे म्हणाले की रद्द कलम मृत्युपत्रात ठेवणे शोभत नाही. मी म्हटले, ही लग्नपत्रिका नाही.

ते का रद्द झाले ते असे. आज सकाळी सह्या व्हायच्या होत्या. विमलला मी तिचा प्रबंध घेऊन जायला बोलावले होते. तिने उभ्यानेच कलम ७ वाचले आणि भूपेंद्रला विचारले, “साक्षीदार कोण आहे?”

“एक डॉक्टरसाहेब. दुसरा आमचा मुन्शी येतोय.”

“त्याला राहू द्या. मी सही करते.”

“ताई, तुम्हाला नाही जमणार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केली की तुमचं कलम गेलं समजा.”

“हां,” ती म्हणाली. “म्हणूनच.”

मी म्हटले, “विमल, बस. हे मी तुला माफीसाठी देत नाही.”

“माफीसाठीच देता, मॅडम. आणि मेल्यावर देता, म्हणजे माझं तोंड पाहायला नको. ती धुरपदाबाई ऐंशीची झाली. ती तुमच्या मरायची वाट पाहील का?”

दारात मालूबाई उभी होती. ती म्हणाली, “बराबर हाये.” मला या घरात एकोणीस वर्षांत कोणी असे बोलले नव्हते, आणि दोघी एकदम बोलल्या.

मग भूपेंद्रने कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी लिहिले ते असे:

खालचा मजला आणि चारशे बारा प्रबंध गावाच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावेत. अट एकच: जो येईल त्याला वाचू द्यावे, पत्र, ओळखपत्र, शिफारस मागू नये.

विमलचा प्रबंध माझ्या मालमत्तेत आता नाही. तो आज सकाळी साडेदहा वाजता तिला परत दिला. छापखान्याशी बोलणे झाले आहे. मोठ्या कागदावर, अंगठ्यांसकट, चौसष्ट प्रती. प्रती तयार झाल्या की विमल आणि मी गावोगाव जाऊन देणार आहोत. पहिली धुरपदाबाईला. नावांची यादी विमलकडे आहे. त्यातल्या एकवीस बाया गेल्या आहेत. त्यांच्या लेकीसुनांना द्यायच्या. प्रत्येक घरी ते न सांगितलेले वाक्य मी स्वतः सांगणार आहे. हे विमलने मागितलेले नाही. हे मी ठरवले आहे, आणि मला त्याची धास्ती वाटते.

९. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम ॲड. भूपेंद्र तारे यांच्याकडे देते. माझ्या मृत्यूच्या दिवशी यादीत ज्यांची नावे शिल्लक असतील, त्यांच्या घरी उरलेल्या प्रती त्यांनी नेऊन द्याव्यात. टपालाने पाठवू नयेत. आत जावे, बसावे, पान उघडून हात दाखवावा. एकही नाव शिल्लक नसेल तर हे कलम वाचण्याची गरज नाही. तसे व्हावे म्हणून मी अजून काही काळ जगायचे ठरवले आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, समजून घेतले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: इतवारा, बुऱ्हाणपूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) कुमुदिनी निंबाजी महाजन

साक्षीदार १: कुमुदिनीताईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.
(सही) डॉ. नंदकुमार वाणी, इतवारा, बुऱ्हाणपूर

साक्षीदार २: महाजन मॅडमनी माझ्यासमोर सही केली. मला या कागदातून काही मिळत नाही, हे मला माहीत आहे.
(सही) विमल रामदास चौधरी, देडतलाई