लेकीच्या घरचं पाणी

नाना, दादाची लघवी बंद झाली आहे. पत्राची सुरुवात अशी करायची नसते हे मला कळतं, पण सकाळपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. वलसाडच्या अलीकडे एका दवाखान्यात तो पडून आहे. पलंगाच्या दांडीला प्लास्टिकची पिशवी लटकवलेली आहे, आणि जन्मभर असले शब्द चारचौघांत न उच्चारणारी तुमची मुलगी थोड्या थोड्या वेळानं आत जाऊन त्या पिशवीत काही उतरलं का ते वाकून बघते आहे. डॉक्टर तरुण आहे, सरळ बोलतो. म्हणाला, किडन्या आधीच कमजोर होत्या, त्यात उन्हानं शरीरातलं पाणी संपवलं. मशीन लावलंय. आता त्यांनी स्वतःहून काम सुरू केलं तर माणूस हाती लागेल. नाही केलं तर काय, हे मी विचारलं नाही.

आम्ही चालत होतो. तापीकाठच्या माणसांना समुद्र कशाला हवा, असं तुम्ही म्हणाला असता. सांगते. तळोद्याच्या शाळेतून निवृत्त झाले तरी माझ्या विद्यार्थिनी घरी येतात. त्यांतली एक मणिबेलीच्या बाजूला, नर्मदेच्या काठच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. धरणाचं पाणी चढल्यापासून त्या गावांना रस्ता म्हणजे पाणीच. तिच्या भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा मासेमारीच्या होडीत घातलं, मध्येच इंजिन बंद पडलं, आणि काठाला लागेपर्यंत तिथे थांबलेल्या जीपची गरज उरली नव्हती. माझ्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता तिनं हे सांगितलं, डोळ्यांत पाणी न आणता. मी म्हटलं, आपण होडी घेऊ. चांगल्या इंजिनाची, आत खाट असलेली, ऑक्सिजन असलेली, फक्त आजारी माणसांसाठी. पण नुसतं मागून कोण देतं? चालून दाखवलं की लोक देतात. सुरतेत तर गल्लोगल्ली आपली खानदेशची माणसं. म्हणून ठरलं की तापी समुद्राला मिळते तिथून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं डहाणूपर्यंत चालत जायचं. ती पोरगी हसली. "बाई, आमच्याकडे पाणी घर खाऊन बसलंय, आणि तुम्ही मुद्दाम पाणी बघायला निघालात!" तरी सगळ्यांत आधी तीच तयार झाली.

पहिल्याच बैठकीत मी सांगून टाकलं की जमलेल्या देणगीतला एक पैसाही चालणाऱ्यांवर खर्च व्हायचा नाही. चहा, खिचडी, पाण्याचे जार, सामानाचा टेम्पो, सगळं माझ्या पेन्शनमधून. टाळ्या पडल्या. दादा मागच्या खुर्चीत बसला होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, खाली चपलांकडे बघत राहिला. मला वाटलं, शेवटची एसटी चुकेल या काळजीत असेल. बैठक संपल्यावर जवळ आला. म्हटलं, "दादा, तुझी साखर, तुझं ब्लडप्रेशर, तू घरीच थांब." तर म्हणाला, "तू एकटी कशी जाशी? मी येसू." मग नेहमीसारखी चेष्टा, "मास्तरीनबाई, शाळा सुटनी तरी तुन्ही घंटा वाजी ऱ्हायनी."

नाना, तुम्हाला माझ्या घराचा ओटा आठवतो का? तुम्ही ओट्यापलीकडे फारसे आलाच नाहीत, म्हणून विचारते. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. तुम्ही गावाहून शेंगांचं पोतं घेऊन आला आहात, सदरा पाठीला चिकटला आहे, आणि मी तांब्या-भांडं घेऊन बाहेर येते. तुम्ही हात आडवा करता. "आंडेरले देवानं ऱ्हास, तिनं लेवानं नही. तुन्हा घरमा पाळना हालू दे, मंग पोटभर पिसू." हे आतून ऐकत होते, ते हसले. मीही हसले. लेकीला द्यायचं, पण तिला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही आपल्याकडची जुनी रीत, वर्षा-दोन वर्षांत संपेल अशी. मग तुम्ही पिशवीतून फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढलात आणि घरचं पाणी प्यालात. फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी माझ्याच ओट्यावर बसून खाल्लीत, आणि जाताना पोत्याला हात लावून म्हणालात, "शेंगा भाजी ठेव, खारवी ठेव, खाय."

पाळणा हलला नाही. तुम्ही मात्र येत राहिलात. कधी केळीचा घड, कधी तुरीची डाळ, कधी नुसतेच. एका अक्षय तृतीयेला मी खापरावरचे मांडे केले होते. तुम्हाला किती आवडतात ते मला माहीत होतं, म्हणून मुद्दाम तुम्ही यायच्या वेळेला केले. वास ओट्यापर्यंत गेला असणारच. मी ताट घेऊन दारात उभी राहिले. तेव्हा मी बी.एस्सी. झालेली, वर्गात मुलांना शरीरशास्त्र शिकवणारी, मला कोणाची भीती? म्हटलं, "नाना, किती दिवस हे? मी काय परकी आहे?" तुम्ही वर बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "ताट मजार लई जाय. दारमा उभी नको ऱ्हाऊ, लोके दखतस." तो आवाज तुम्ही आधी माझ्यावर कधी काढला नव्हता. मी ताट आत नेलं. त्या दिवसानंतर तुम्हाला पाणी विचारणं मी सोडून दिलं.

आणि तेच तुम्ही. पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर तुम्ही कामाला होतात तेव्हा कॉलेजातून परत येताना मी काट्यावर उतरायची. उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या घंटा, हवेत मळीचा आंबूस वास. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून गाडीवानाला थांबवता, आणि मला आत बोलावून रसाचा ग्लास पुढे करता. मला अर्धाच जातो. उरलेला माझा उष्टा रस तुम्ही उभ्या उभ्या घटाघटा पिता, मिशा पुसता आणि पुढच्या गाडीला हाक मारता. कॉलेज संपलं तेव्हा त्याच खिडकीशी तुम्ही मला मनगटी घड्याळ दिलंत, डबीतून न काढता, जसं कोणाला पावती देतात तसं. मुलीला शिकवतो म्हणून भाऊबंदांचं सगळं ऐकून घेतलंत, त्यांना उत्तर दिलं नाहीत. एवढं ज्याला जमलं त्याला लेकीच्या हातचा एक घोट का जमू नये, हे मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर दादा आला तो तुमचाच तांब्या घेऊन. बापाची जागा थोरल्या भावाची, असं त्याला कोणी सांगितलं, का त्यानं आपणच ठरवलं? तुम्ही शेवटच्या दिवसांत त्याला काही बोलला होतात का? मी कधी विचारलं नाही. हे गेले, मी एकटी राहिले, केस पांढरे झाले, आता कसला पाळणा आणि कसली रीत. मी समजत होते की सगळं आपोआप संपलं असेल. तो माझ्याकडे आला की घाईत असायचा, "गाडीना टाइम व्हयना" म्हणायचा, आणि मी त्याला घाईतच मानत आले.

किनाऱ्यावर तो सगळ्यांच्या मागे चालायचा. खांद्याला पिशवी, डोक्याला उपरणं, वाळूत पाय रुतायचे. खिचडीच्या वेळी म्हणायचा, "मन्हा उपास शे, होडीना नवस बोलेल शे." गावं होती तोवर चाललं. देवळाचा नळ दिसला की आपली बाटली भरायचा, हातगाडीवरून केळी घ्यायचा, नारळपाणी प्यायचा. बायका त्याला चिडवायच्या, "काका, तुमचा उपास लई थाटाचा!" तोही हसायचा. मग खाडी आडवी आली आणि आम्हाला मिठागरांतून वळसा घालून जावं लागलं. मार्चचं ऊन, खाली पांढरं मीठ, वर पांढरं आभाळ, आणि मैलोगणती गोड्या पाण्याचा नळ नाही, झाड नाही, गाडीवाला नाही. मी प्रत्येकाच्या हातात पाण्याच्या बाटल्या देत होते. दादालाही दिल्या. त्यानं घेतल्या आणि पिशवीत ठेवल्या. तो मागे पडत चालला तसं मी वळून ओरडले, "दादा, पाय उचल, सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत." त्यानं हात वर केला, येतो म्हणून. त्याचे ओठ फुटलेले मला लांबूनही दिसले असते, मी नीट बघितलं असतं तर.

बांधावर बसला तो बसलाच. माझ्या विद्यार्थिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पिशवी उघडली आणि माझ्यापुढे धरली. मी दिलेल्या सगळ्या बाटल्या आत होत्या, झाकणाचं सीलसुद्धा न तुटलेल्या. ती म्हणाली, "बाई, काका पाणी प्यालेच नाहीत. पाणी होतं की जवळ!" तिच्याकडे पाणी माणसं खातं हे तिला माहीत. पाणी जवळ असून माणूस वाळतो, हे तिला समजेना. मलाही समजलं नाही. ॲम्ब्युलन्समधून वहिनीला फोन लावला तेव्हा समजलं. वहिनी आधी रडली, मग म्हणाली, "बाई, ते तुमना हातनं पानीबी लेतस नही. तुमले इतलं माहीत नव्हतं का?" मी म्हटलं, ते घरात, वहिनी. इथे तर उघडा समुद्रकिनारा आहे, इथे कुठे माझं घर? तर ती म्हणाली, "खर्चा कोना शे?"

नाना, एवढं साधं गणित. जार माझे, बाटल्या माझ्या, टेम्पो माझा, तांदूळ माझा. आपल्या रीतीत जिचा खर्च तिचं घर. टाळ्या घेऊन मी सगळा किनारा माझं घर करून टाकला, आणि भावाला त्या घरात उपाशी चालवलं. तो सांगू शकत होता. पण सांगितलं असतं तर मला त्या मांड्यांच्या ताटासारखं पुन्हा आत पाठवल्यासारखं झालं असतं, हे त्याला ठाऊक असणार. त्या अक्षय तृतीयेला तोही माझ्या घरातच होता. म्हणून नवस, म्हणून उपास. तुम्ही माझ्यावर आवाज चढवून रीत पाळलीत, त्यानं खोटं बोलून पाळली. मला तुम्हा दोघांचा राग राग येतो आहे आणि राग काढायला समोर कोणी नाही. एक मातीखाली, एक मशीनखाली.

बाकीच्यांना मी पुढे चालायला लावलं. होडी व्हायलाच हवी. त्यांनी ऐकलं, माझं सगळे ऐकतात. मघाशी पुन्हा आत गेले. पिशवीत काही नाही. हाताला धरून सांगावंसं वाटलं तुम्हाला, की सोडवा त्याला, तुम्ही बांधलंय, तुम्हीच सोडवा. मी असं कोणाकडे काही मागितलेलं नाही आजवर. आता मागते आहे. त्याच्याऐवजी मला न्या असं म्हणायची माझी पद्धत नाही, पण तेही म्हणून झालं, त्या हिरव्या पडद्याशी उभं राहून.

मग नर्स आली. माझ्या हातात वाटी आणि कापूस दिला. "बेन, होठ भीना राखजो." दादाचे ओठ भिजवत राहायचे होते, बस. वाटीतलं पाणी मीच खाली जाऊन विकत आणलेलं. मी कापूस बुडवला आणि हात तसाच राहिला. शरीरशास्त्र शिकवलेली बाई मी, आणि मला भीती वाटली की तो जागा होईल आणि हात आडवा करेल. नर्स बघत होती. मी वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं. किती वर्षांनी माझ्या तोंडून आपली बोली निघाली.

"दादा, वहिनी उनी शे गावहून. तिनी भरेल पानी शे हाई. पी ले."

वहिनी अजून गाडीत बसलेलीसुद्धा नव्हती. पण नाना, त्याचे ओठ हलले. कापूस त्यानं ओठांत धरला, लहान मूल धरतं तसा, आणि चोखला. मी पुन्हा बुडवला, त्यानं पुन्हा चोखला. डॉक्टर म्हणतो, यावरून काही ठरत नाही, किडन्या अजून गप्पच आहेत. मी त्याचं ऐकलं आणि परत येऊन वाटी भरली. आता तो माझ्या हातचंच पाणी पितो आहे आणि त्याला ते माहीत नाही. जगला तरी मी त्याला सांगणार नाही. तुम्हालाही सांगायचं नव्हतं, म्हणून हा कागद तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही, इथेच फाडून टाकीन. आत जाते. त्याला पुन्हा सांगावं लागेल, वहिनीनं भरलंय.