बुटातलं पाणी

वहिनी,

तुझा टिल्लू आईजवळ झोपलाय. मी पाळणाघरात कामाला निघाले. दाराशी माझे कापडी बूट वाळत घातलेत, ते कशाने भिजले हे आईने सांगायच्या आत मीच सांगते.

सकाळी टिल्लूने पेल्याने बादलीतलं पाणी काढून माझ्या बुटात ओतलं. मग धावत आला आणि माझं बोट ओढत म्हणाला, "आत्या, गळलं!" पेल्यात पाणी राहतं, बुटात राहत नाही, हे त्याचं त्याला कळलं होतं आणि ते मलाच दाखवायचं होतं. मी अशी ओरडले की पेला त्याच्या हातून पडला. बूट नवे होते, एवढंच कारण.

पाळणाघरात कुणा पोराने हेच केलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. ओतता ओतता हात स्थिर होतो, भरलेलं-रिकामं कळतं, नवे शब्द येतात, असं त्याच्या आईला सांगितलं असतं. रविवारी टिल्लूने सांडलेलं पाणी पुसताना तू वैतागलीस, तेव्हा दादासमोर तुला हेच भाषण ठोकलं होतं. फडकं मात्र हातात घेतलं नाही. तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून तू यायच्या आधीच निघते.

संध्याकाळी त्याला टबात थोडं पाणी दे आणि जवळच बस. पहिला पेला तूच ओत. मगाशी मी पेला पुढे केला, तर त्याने हात मागे घेतला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पाण्याला हात लावायच्या आधी आत्याचा चेहरा बघायचा, एवढं मी आज त्याला शिकवलं.

तुझी शहाणी नणंद