बंद पंख्याची हजेरी

पुणे, ३ मार्च २०२५

ती. आजीस,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रच लिहायचं, फोन नाही, असं तू शिवरात्रीला बजावलंस म्हणून लिहितेय. तुझंही खरंच आहे. आई फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापते आणि आपलं बोलणं अख्ख्या वाडीला कळतं.

आजी, कामात लक्ष लागत नाहीये. ‘बंद पंखा’ मोडतोय. मोबाइलवर तुला ऐकवला होता तोच बँड. पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजतंय, असं तू म्हणाली होतीस. गाणारा गोकुळ आणि ड्रम वाजवणारी त्याची बहीण रत्ना आपल्याच तालुक्यातले, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचे. तिसरा स्वराज, जाड तारांचं गिटार वाजवतो. गाणी स्वतःची, आपल्या भाषेतली. पुण्यात त्यांना कुत्रंही ओळखत नाही. कॅफेत ते जीव तोडून वाजवतात, लोक खात-खात मोबाइल बघतात आणि पुढे उभी असते मी एकटी. परवा वेटरनं मला विचारलं, की तुम्ही यांच्या नात्यातल्या का.

गोकुळला गुजरातेत नोकरी लागलीये. मे महिन्यात जाणार. रत्ना म्हणाली, आम्ही वाजवायचं थांबलो तर कुणाचं अडणार आहे? माझं अडणार आहे ना! त्यांचं एकही गाणं कुणाच्या तोंडी नाही. ते गेले की गाणीही गेली. ऐकायलाच बसलेल्या माणसांपुढे त्यांनी एकदा वाजवावं, एवढंच मला हवंय. रात्रंदिवस तेच डोक्यात. काहीतरी सुचव.

गुडघ्यांना तेल लावत जा. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझी,
अक्षदा

---

मु. वाडी, निरगुडसरजवळ
ता. १४ मार्च

चि. अक्षदा हीस,
आजीचा अनेक आशीर्वाद. आमी सगळी बरी हाओत, गाय आटली.

पोस्टमन म्हणला, म्हातारे, तुला कोण पत्र लिहितं या काळात? मी म्हणलं, नात हाय, तिला याड लागलंय, ते तिनं कागदावर लिवून धाडलंय.

आता ऐक. औंदा जत्रेला तमाशा न्हाई. कमिटीची माणसं तमाशा ठरवायला नारायणगावला फडांच्या राहुट्यांत गेली व्हती. आपला दादाभाऊ अध्यक्ष. तो घासाघीस करत बसला तवर आपली तारीख आळे गावची माणसं घेऊन गेली. परवा देवळात सगळे तोंडं पाडून बसले व्हते. मी पायरीवर वाती वळत व्हते. तिथनंच म्हणलं, माझ्या नातीच्या वळखीची पुण्याची पार्टी हाय. नाव इचारलं, तर सांगितलं. बहिरू म्हणला, चैताच्या उन्हात बंद पंखा कोण बघायला येतंय? सगळे दात काढून हसले. पण पोरगी ड्रम वाजवते म्हणल्यावर दादाभाऊचे कान उभे राहिले. सुपारी दिली. पुनवेची तारीख.

गाणं चांगलं हाय असं मी म्हणाले न्हाई. खोटं बोलायला मी काय पुढारी हाय का? वाजवत्यात, एवढंच म्हणलं.

त्यांना नीट सांग. सांजच्याला खेळ, आन दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी. ती देवाची असती, चुकवायची न्हाई. आन आपली माणसं कॅफेतली न्हाईत. आवडलं न्हाई तर तोंडावर सांगतील.

तुझ्यावर लोभ हाय, पण जिभंला पेलंल एवढाच दाखवते.

साळुबाई

---

पुणे, २८ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न.

तू हे करशील असं वाटलं नव्हतं! सुपारीचं सांगितलं तेव्हा तिघं लगेच तालमीला लागले. हजेरीचंही सांगितलं. देवापुढे वाजवायचं म्हणून रत्ना जरा घाबरलीये.

पण दोन दिवसांपासून मला झोप नाही. तालमीला गेले तर गोकुळ सिनेमातली नाचाची गाणी बसवत होता. गावाला हेच लागतं, म्हणाला. ‘पाण्याखालच्या दारा’ हे त्याचं सगळ्यात चांगलं गाणं. धरणात बुडालेल्या घराला हाक मारलीये त्यात. तेच काढून टाकलं! मी भांडले. म्हटलं, वाजवायचं तर तुमचंच, एक अक्षर बदलायचं नाही. तो म्हणाला, तू खाली उभी राहतेस, मार आम्हाला वर बसतो. शेवटी ऐकलं त्यानं. आता मलाच भीती वाटतेय. दाराची कडी वाजली तरी दचकते.

माझ्यामुळे तुझी मान खाली जाणार नाही ना? उत्तर टाक. नसेल वेळ तर शिव्या तरी टाक.

तुझी,
अक्षदा

---

पुणे, १५ एप्रिल

ती. आजीस,
कोणत्या तोंडानं नमस्कार लिहू?

तू पुढच्या सतरंजीवर होतीस, सगळं पाहिलंस. दुसऱ्या गाण्यालाच शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी टोपी फेकली, बहिरूकाका माइकवर येऊन म्हणाले की ड्रमवाल्या बाईंनी उठून नाचावं. गोकुळनं वायर उपटली तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला, आणि नंतर डीजेवर पोरं नाचत होती तीही पाहिली. सिनेमातली गाणी म्हटली असती तर निभावलं असतं. मीच हट्ट केला. बँड मोडणारच होता; मी त्याचा तमाशा करून मोडला.

सकाळी त्यांच्यासमोर उभं राहवेना, म्हणून तुला न सांगता पहिल्या एसटीनं पळून आले. गोकुळचे, रत्नाचे फोन येताहेत. उचलत नाही. काय बोलणार? कमिटीत तुला बोल लागला असेल. मी अशी का पळाले ते बाबांना सांगू नकोस.

माझ्यावर माया ठेव असं मागायची आज लाज वाटते.

अक्षदा

---

मु. वाडी
ता. २० एप्रिल

चि. अक्षदा हीस,
आजीचा आशीर्वाद, तू पळपुटी असलीस तरी.

मला बोल लावणारा अजून जन्माला यायचाय. दादाभाऊ आला व्हता तोंड वर करून. मी म्हणलं, घासाघीस कमी केली असतीस तर तमाशा मिळाला असता. गेला.

आता तू गेल्यावर काय झालं ते सांगते. सकाळी तुझी तिघं टेम्पोत सामान भरून निघाली. हजेरी न देताच! मी टेम्पोपुढं पाय पसरून बसले. डायवर म्हणला, आजी, उठा. मी म्हणलं, माझे गुडघे दुखत्यात, उठायला दुपार व्हईल. गोकुळ खाली उतरला. म्हणला, आजी, रात्री लोकांनी हाकललं आमाला. मी म्हणलं, रातच्याला लोकांचं व्हतं, आताचं देवाचं हाय. त्यो टोपी फेकत न्हाई.

मांडववाला कर्णे घेऊन पेठ गावाला गेलेला. करंटबी न्हाई. स्वराजचं गिटार करंटाबिगर मुकं, म्हणून त्याच्या हातात देवळातला टाळ दिला. गोकुळकडं एक साधं गिटार व्हतं. रत्नानं दोनच ड्रम काढले आन हळू वाजवले. तसं वाजवलं तर गारा पडल्यासारखं वाटत न्हाई, हे तिला आधी कोणी का सांगितलं न्हाई?

ऐकायला कोण, तर बाया. आदल्या दिवशी ह्या सगळ्या चुलीपुढं पावण्यांना वाढत व्हत्या, जत्रा त्यांनी बघितलीच नव्हती. नैवेद्याची ताटं घेऊन आल्या आन बसल्या. मागं चार म्हातारे. मला निम्मं कळलं न्हाई, खरं सांगते. पाण्याखालचं दार म्हणं. त्याची कडी कोण वाजवणार, मासे? पण एक बाई उठली न्हाई. चिमाजी झोपला, पण तो कीर्तनातबी झोपतो.

संपल्यावर त्यांतली बायडाबाई म्हणली, ते दाराचं परत म्हण. गोकुळला वाटलं ती दुसरंच कायतरी मागतीय. म्हणला, कोणतं? मग तिनं त्याला म्हणून दाखवलं, तिच्या फाटक्या आवाजात. पोरगं गिटारच्या तारा पिळत बसलं. मी म्हणलं, आरं म्हण की, ऊन चढतंय.

हे तुला सांगायला ते फोन करत व्हते. उचल आता. तू एकटी पुढं उभी राहायचीस ना? त्या दिवशी तेवढी तूच नव्हतीस.

खाऊन-पिऊन राहा. लोभ कमी केलेला न्हाई.

साळुबाई

---

पुणे, २४ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न.

पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. ज्या एका सकाळसाठी वर्षभर जीव टांगला, तिच्या वेळी मी एसटीत डोळे पुसत बसले होते.

फोन केला. गोकुळ जाणारच आहे. दहा मेची गाडी. गिटार रत्नाकडे ठेवतोय. आजी, सगळं सांग. आधी कोणतं म्हटलं, मग कोणतं? दाराचं गाणं पुरं म्हटलं का? दुसरी ओळ बायांना कळली का? कुणाच्या लक्षात राहिली का? तीच खरी ओळ आहे. ती गेली तर गाण्यात काही उरत नाही. विसरला असाल तर लगेच लिहून पाठवते.

लोभ राहू दे, आणि उत्तर लवकर येऊ दे.

अक्षदा

---

मु. वाडी
ता. १ मे

चि. अक्षदा हीस,
आशीर्वाद. तुला काय मी रेडिओ वाटले? आधी कोणतं, मग कोणतं, मला काय ठावं?

सध्या कांदा बराखीत भरायचं चाललंय. पावसाळाभर साठवायचा तर एकेक निवडून भरावा लागतो, आठ-दहा बाया असत्यात. बायडाबाईनं पहिल्याच दिवशी दाराचं गाणं सुरू केलं. ‘पाण्याखालच्या दारा, कडी वाजव ना’ हे सगळ्यांना येतं. पुढची ओळ कोणालाच येईना. बायडाबाईनं आपली घातली: ‘आत राहिली चूल माझी, तवा तापव ना.’ लगेच तुझी आई, माझ्या तोंडावर: ‘आत जागी सासू माझी, तिला निजव ना.’ सगळ्या खिदळल्या. मी काय गप बसते? मी म्हणलं, ‘आत लोळती सून माझी, तिला उठव ना.’ तवापासून रोज नवी ओळ, आन खरी कोणती यावर रोज भांडण. बायडाबाई म्हणती, देवापुढं पोरानं चूलच म्हणली व्हती, तिनं कानानं ऐकली. काल पलीकडच्या वस्तीवरनं एकजण चालत आली, तिच्या तोंडी आणिकच एक ओळ.

गोकुळला जायच्या आधी हे सांग. राग आला तर येऊ दे. त्यानं कडी वाजवायला सांगितली, आमी वाजवतोय. गुजरातेतनं त्याला थांबवता येत असंल तर थांबव म्हणावं.

आन तुला एक सांगते. खरी ओळ लिहून पाठवू नको. पाठवलीस तर भांडण मिटंल, बाया गप व्हतील, आन अजून निम्मा कांदा भरायचा ऱ्हायलाय.

लोभ धर, न्हाईतर इळा घेऊन इकडं ये. दोन्हींतलं एक कर.

साळुबाई